गवत पडलं का?

दर जूनमध्ये मी एक फॉर्म भरते. जमिनीची हद्द पायी फिरून यायचं, ठरलेल्या कोपऱ्यांवरून फोटो काढायचे, कुठे नवं काही बांधलंय का ते बघायचं आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं, ‘कराराचं उल्लंघन: नाही.’ खाली सही, ग्वेन थिबो. एकवीस वर्षं हेच करते आहे. आमच्या संस्थेने राखलेल्या जमिनींवर आजवर एकही घर उठलेलं नाही. वार्षिक सभेत अध्यक्ष हे सांगतात तेव्हा टाळ्या पडतात. मी नेमकी त्याच वेळी कॉफी आणायला उठते.

ऑरिन स्टॅनर्डची जमीन ही मी राखलेली पहिली जमीन. तिची गोष्ट सांगायची तर आधी स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावं लागतं, म्हणून इतके दिवस कुणाला सांगितली नाही.

माझ्या बापाने आमची जमीन विकली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तिथे आता एक्केचाळीस घरं आहेत आणि रस्त्याचं नाव क्लोव्हर लेन आहे. आमच्या गाई खायच्या तो क्लोव्हर पार उपटून टाकला आणि त्याचंच नाव पाटीवर लावलं. बिल्डर लोकांची ही रीतच आहे. बाप त्यानंतर नऊ वर्षं जगला, पण त्या रस्त्याने कधी गेला नाही. दुकानात जायलासुद्धा चार मैलांचा वळसा घालायचा. जमिनी राखणाऱ्या या संस्थेत मी नोकरी धरली ती त्या वळशापायी.

आमचा करार साधा आहे. जमीन तुमचीच राहते. विका, मुलांना द्या, काय हवं ते करा. फक्त तिच्यावर घरं बांधायचा हक्क तुम्ही संस्थेला विकता, आणि संस्था तो कुलपात घालून ठेवते, कायमचा. पुढे मालक कोणीही येवो.

ऑरिनचे दोन तुकडे होते. टेकडीवर घर, गोठा आणि नव्वद एकर कुरण. खाली तीन मैलांवर नदीकाठचे चाळीस एकर, गाळाची काळी माती. टेकडीचं गवत आटलेल्या गाईंना, नदीचं गवत दुभत्या गाईंना, असा त्यांच्या घरचा तीन पिढ्यांचा हिशेब. “दोन्ही तुकडे एका हाती राहिले पाहिजेत,” असं ऑरिनचे वडील मरताना सांगून गेले होते, आणि ऑरिन ते दर अर्ध्या तासाने मला सांगायचे.

दोन हिवाळे मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. थेल्मा, त्यांची बायको, गरम डोनट समोर ठेवायची आणि सोबत आंबट काकडी. मी कागद वाचायचे, ऑरिन खिडकीबाहेर बघायचे. तोवर खालच्या रस्त्याला बिल्डरच्या मोजणीवाल्यांनी नारिंगी फिती बांधल्या होत्या. मला त्या फिती झोपेत दिसायच्या.

शेवटी एका मार्चमध्ये ते सगळ्याला हो म्हणाले आणि चौदाव्या कलमावर अडले.

“‘ही जमीन कायम शेतीखाली ठेवली जाईल,’” त्यांनी मोठ्याने वाचलं. चष्मा नाकावर खाली ओढला. “हे काय?”

“म्हणजे पुढे मालक कोणीही आला तरी त्याने शेती केली पाहिजे. निदान गवत तरी कापलं पाहिजे.”

“आणि नाही कापलं तर?”

“तर संस्था त्याला भाग पाडेल.”

“मला भाग पाडेल?”

“तुम्हाला नाही हो, पुढच्या—”

“खाली नाव माझं आहे. थेल्मा, ऐकतेस का? ही थिबोची पोरगी मला गवत कापायला भाग पाडणार आहे. उद्या लिहून आणेल, ऑरिनने रोज सकाळी पँट घालावी.”

“आण गं लिहून,” थेल्मा शेगडीपाशी म्हणाली. “रविवारी तरी उपयोग होईल.”

“हे बघ पोरी,” ऑरिन म्हणाले, “घरं बांधू नका म्हणालीस, पटलं. घरं बांधणारे मी पाहिलेत. पण कुरण हातात असून न कापणारा माणूस तू पाहिलास? एक तरी?”

मी आठवून पाहिलं. खरंच पाहिला नव्हता.

आता हे टॅनर्स गोरमध्ये वाढलेल्यालाच कळेल. आमच्या गावात चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत ट्रॅक्टर कोणी काढायचा याचा एक नियम आहे. ज्याचं पहिलं गवत कापून, वाळवून, गोठ्यात पडलंय तोच ट्रॅक्टरवर बसतो. ज्याचं शेतात उभं आहे तो पायी चालतो, शाळेच्या बँडच्या मागून, आणि लोक त्याला लिमलेटच्या गोळ्या फेकून मारतात. हा नियम कुठेही लिहिलेला नाही. जून उजाडला की माणसं एकमेकांना ‘कसं काय’ विचारत नाहीत, ‘गवत पडलं का?’ विचारतात. माझा बाप एका वर्षी पाय मोडून पडला होता, तर शेजाऱ्यांनी न सांगता येऊन आमचं कापलं, कारण थिबो चालत गेला असता तर त्यांनाच बघवलं नसतं.

अशा गावात कायद्याचं कलम कशाला हवं? ऑरिनना ते अपमानासारखं वाटलं, आणि खरं सांगते, मलाही वाटलं. ऑफिसात साहेबांनी बजावलं होतं, चौदावं कलम ऐच्छिक आहे, पण सोडू नकोस. पण मला त्या फिती दिसत होत्या. मी पेन काढलं, ती ओळ खोडली. समासात ऑरिननी त्यांची आद्याक्षरं लिहिली, शेजारी मी माझी. थेल्माने तिसरा डोनट वाढला. त्या दिवशी घरी जाताना मी गाडीत गाणं म्हणत होते.

अकरा वर्षं सगळं ठीक चाललं. मग थेल्मा गेली. मग ऑरिनचं खुब्याचं हाड मोडलं आणि गाई विकाव्या लागल्या. मुलगी कार्लीन ॲरिझोनात, ती रोज फोनवर म्हणायची, “बाबा, जिना चढायचं तुमचं वय आहे का?” अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी टेकडी विकायची ठरवली.

घ्यायला दोघं उभे होते. एक टेसा आणि तिचा नवरा जोएल. तिशीतली पोरं, सव्वीस गाई, गोठा भाड्याचा, कुरणं भाड्याची, स्वतःचं म्हणावं तर एक लाल ट्रॅक्टर आणि टेसाची जीभ. दुसरा फिल. बोस्टनचा दातांचा डॉक्टर, निवृत्त झालेला. फिल वाईट माणूस नाही हे मी आत्ताच सांगून ठेवते. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

फिलने टेसाच्या दुप्पट देऊ केले. तरी ऑरिन अडून होते. मग तो स्वतः टेकडीवर आला, कुरणाच्या कडेला टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, “स्टॅनर्डसाहेब, मी हे जसं आहे तसंच ठेवीन. काहीही बदलणार नाही. आणि त्या पोरीला गवत हवं असेल तर खुशाल कापू दे.”

ऑरिननी हात पुढे केला. त्यांच्या हिशेबी काम फत्ते: जमिनीला मालक मिळाला, टेसाला गवत, कार्लीनला शांतता. नदीकाठ मात्र त्यांनी स्वतःच्या नावावर ठेवला आणि टेसाला कसायला दिला; कापणारा हात दोन्हीकडे एकच, म्हणून बापाचा शब्द मोडला असं त्यांना वाटलं नाही. भाडं वर्षाला एक डबा मेपलचा पाक.

पहिल्या उन्हाळ्यात टेसाने टेकडी कापली. दुसऱ्या वर्षी मी हद्द चालायला गेले तर गवत कमरेएवढं उभं होतं आणि फिल बाकावर बसून दुर्बिणीतून बघत होता.

“ग्वेन! ये ये. आणि मला फिल म्हण, किती वेळा सांगू. ते बघ, बोबोलिंक! काळ्यावर पांढरं, दिसलं? गवतात घरटी घालतात बिचारे. जूनमध्ये कापलं की पिल्लं जातात पात्याखाली. मी वाचलं आणि मला झोप येईना.”

“मग जुलैच्या शेवटी कापा. तोवर उडतात पिल्लं.”

“हो, पण खरं सांगू? तो ट्रॅक्टर पहाटे सहाला सुरू होतो. बायकोला दम्याचा त्रास आहे. आणि नुसतं वाऱ्यावर हलताना बघ ना. कापायचं कशाला? तुम्ही लोकांनी ही जमीन वाचवलीत, मी तुमचे आभार किती मानू?”

मी त्याला सांगितलं, न कापलेलं कुरण कुरण राहत नाही, दोन-तीन वर्षांत झुडपं येतात, मग झाडं, आणि तेव्हा बोबोलिंकही येत नाहीत. त्याने लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, “करारात तसं काही आहे का? मी पूर्ण वाचलाय, मला दिसलं नाही. असेल तर मी नक्की पाळेन.”

“नाही,” मी म्हटलं. “होतं. खोडलंय.”

फॉर्मवर लिहिलं, ‘उल्लंघन: नाही.’

त्या वर्षी चार जुलैला ऑरिन चर्चशेजारच्या वृद्धांच्या इमारतीसमोर घडीच्या खुर्चीत बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी नेहमीचं विचारलं.

“गवत पडलं का गं वर?”

त्यांचा चालायचा वॉकर त्यांनी खुर्चीमागे लपवला होता, लोकांना दिसू नये म्हणून. मी त्या वॉकरकडे पाहिलं आणि म्हटलं, “पडलं.”

एवढंच. एक शब्द. वाटलं, म्हातारा किती दिवसांचा सोबती आहे, कशाला जाळायचं त्याचं काळीज? तिथून टेकडी दिसत नव्हती, वरचा रस्ता फिलच्या फाटकापाशी संपतो, आणि ऑरिनची गाडी चालवायची परवानगी डॉक्टरने काढून घेतली होती. फक्त टेसाचा प्रश्न होता, कारण ती महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायची.

मी तिला तिच्या गोठ्यात गाठलं. ती दुधाच्या टाकीला पाणी मारत होती.

“विचारलं तर टेकडी तूच कापतेस म्हणून सांग,” मी म्हटलं.

“का बरं?”

“म्हातारा माणूस आहे, टेसा.”

“म्हातारा आहे, कुकुलं बाळ नाही. मला विचारशील तर सांगून टाकावं. आरडाओरडा करेल, फिलला चार शिव्या घालेल, मोकळा होईल.”

“आणि मग रोज खिडकीत बसून तेच उगाळेल. माझ्यासाठी एवढं कर.”

तिने नळ बंद केला. “बरं. पण हे बरोबर नाही हं, ग्वेन. आणि मला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात माझे.”

“त्यांना मोतीबिंदू आहे.”

ती हसली. मीही हसले. ते हसू आठवलं की मला अजून स्वतःची किळस येते.

पुढे मी खोटं बोलण्यात तरबेज झाले. ‘पडलं’वर ऑरिनचं भागत नसे. कोणत्या दिवशी? पाऊस लागला का मध्ये? गठ्ठे किती निघाले? वायव्येच्या कोपऱ्यात ओल असते, तिथे चाक रुतलं असेल? मी सांगायचे, हो, रुतलं. ते मांडीवर थाप मारायचे, “म्हटलं ना! माझ्या बापाचंही रुतायचं.” एका वर्षी मी दोन कापण्या सांगितल्या, तर त्यांनी तिसरीसाठी शेणखत कधी टाकायचं ते मला कागदावर लिहून दिलं. तो कागद माझ्या गाडीत अजून आहे.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानवालीला, पाद्र्याला, पोस्टातल्या बाईला. कोणी मला बोललं नाही आणि कोणी ऑरिनना बोललं नाही. एकाने सुरू केलेलं खोटं मोडायचा वाईटपणा कोण घेतो?

वर टेकडीवर न कापलेल्या पहिल्या वर्षी पिवळी फुलं माजली. मग काटेरी रासबेरी. मग पाइनची रोपं, आधी घोट्याएवढी, मग गुडघ्याएवढी, मग माझ्या खांद्याला. चौथ्या जूनमध्ये बोबोलिंक आले नाहीत. फिल म्हणाला, “यंदा उशीर झालाय वाटतं त्यांना.” पाचव्या वर्षी त्याने दुर्बिणीबद्दल काही काढलं नाही. आमच्यात म्हणतात, कुंपणच शेत खातं. इथे कुंपण जागच्या जागी होतं, मीच ते घातलं होतं, आणि आतलं शेत उपाशी मेलं. मी रोपांमधून वाट काढत हद्द चालायचे आणि लिहायचे, ‘नाही.’

सातव्या वर्षीची मिरवणूक. ऑरिन पंच्याऐंशीचे. एकेकाळी बावीस ट्रॅक्टर निघायचे. त्या वर्षी एकच होता, टेसाचा. नदीकाठचं गवत तिने एकोणतीस जूनलाच आत टाकलं होतं. बॉनेटला कागदी झालरी लावून, पायात रबरी बूट, डोक्यावर वाकडी टोपी, ती अग्निशमनच्या गाडीमागून आली आणि आमच्यासमोर येताच ओरडली, “काय म्हातारबा, झोपलात का?” आणि त्यांच्या मांडीवर मूठभर गोळ्या फेकल्या.

“बापाच्या वयाच्या माणसाला म्हातारबा म्हणते, मूर्ख कुठली,” ऑरिन म्हणाले. त्यांना ती फार आवडायची. ट्रॅक्टर पुढे गेल्यावर ते माझ्याकडे कलले. “एक काम उरकलं मी. कुणाला बोललो नव्हतो.”

“काय?”

“नदीकाठ फिलला दिला. गुरुवारी कचेरीत नोंद झाली.”

माझ्या कानात बँड वाजत होता. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“फिलला? का?”

“का म्हणजे? बापाला शब्द दिला होता, दोन्ही तुकडे एका हाती राहतील. आणि मी आज आहे, उद्या नाही. मी गेलो की कार्लीन नदीकाठ कुणाच्या गळ्यात मारेल देव जाणे. मग टेसाने कुणाच्या दारात उभं राहायचं? हा माणूस शब्दाचा पक्का निघाला. सात वर्षं पोरीला टेकडी कापू देतोय. तूच सांगतेस दर साली. गेल्या महिन्यात तिलाही विचारलं, फिल कापू देतो ना नीट? म्हणाली, हो. बस, मग मी हात मिळवला.”

“तिला सांगितलंत विकल्याचं?”

“संध्याकाळी सांगणार. खूश होईल. साठीतला धडधाकट मालक मिळाला तिला, माझ्यासारखा त्याचा एक पाय खड्ड्यात नाही.”

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तोंडात शब्द आले होते. पण नोंद झाली होती, आमच्याकडे झालेली नोंद म्हाताऱ्याच्या हळहळीने फिरत नाही, आणि ते इतके समाधानी दिसत होते की मी पुन्हा गप्प बसले. याला मी तेव्हा दया म्हणत होते. ती भीती होती.

दुसऱ्या दिवशी फिलकडे गेले. त्याने मला लिंबू सरबत दिलं.

“टेसा? अगं, यंदाचं दुसरं गवत नेऊ दे ना तिला, माझी काहीच हरकत नाही. पण पुढच्या वर्षीपासून नदीकाठ मोकळा सोडायचा विचार आहे. विलोची झाडं लावणार आहे, पाण्याला सावली हवी. माशांसाठी.”

“ती चाळीस एकर गाळाची माती आहे, फिल. या राज्यात अशी माती फार थोडी उरलीय. त्यावर एक बाई सव्वीस गाई पोसते.”

“मला कळतंय, आणि मला वाईटही वाटतंय. पण ऑरिनने मला सांगितलं की टेसाकडे वरचं गवत आहेच. कुठलं वरचं, ते मला समजलं नाही. वय झालंय त्यांचं, मी काही बोललो नाही.” मग त्याने जुनाच प्रश्न विचारला, तेवढ्याच मनापासून. “करारात नदीकाठाबद्दल वेगळं काही आहे का?”

दोन्ही तुकडे एकाच कागदावर होते. एकच ओळ खोडली होती, तिने दोन्ही गेले.

टेसा मला गोठ्याच्या दारातच भेटली. ऑरिननी तिला सांगितलं होतं, आणि फिलचा फोनही येऊन गेला होता. ती ओरडली नाही. ती ओरडेल म्हणून मी तयारी करून गेले होते.

“म्हाताऱ्याने मला तोंडावर विचारलं होतं,” ती म्हणाली. “‘कापू देतो ना नीट?’ आणि मी हो म्हटलं. कान लाल झाले माझे. त्याला दिसले नाहीत.”

“टेसा, मी—”

“नाही म्हटलं असतं तर जमीन राहिली असती. एवढा एक शब्द होता गं. माझ्याच तोंडात होता.”

तिने मार्चमध्ये गाई विकल्या. लिलावाचा ट्रक आला तेव्हा मी मदतीला गेले; जोएलने मला शांतपणे परत पाठवलं. मग ती दोघं ओहायोला त्याच्या भावाकडे गेली. टेसा तिथे शाळेची बस चालवते असं ऐकते. जाताना तिने ऑरिनच्या दाराशी पाकाचा डबा ठेवला आणि दार न वाजवता निघून गेली. ती गाव सोडून गेली हेही त्यांना कुणी सांगितलं नाही.

आणि यंदाचा चार जुलै. जूनमध्ये मी दोन्ही तुकडे चालले. नदीकाठी विलोची रोपं रांगेत लावलेली, प्रत्येकाभोवती प्लास्टिकची नळी. रोपांच्या मधून टेसाने पेरलेलं गवत अजून उगवत होतं, दाट, कोवळं, कुणी न्यायला नाही. दोन फॉर्म भरले. नाही. नाही.

ऑरिन नेहमीच्या खुर्चीत होते. शहाऐंशी वर्षं, वॉकर आता लपवत नाहीत. शेजारी पोस्टातली बाई, पलीकडे पाद्री, सगळं गाव हातात झेंडे घेऊन. अग्निशमनची गाडी गेली. तिच्यामागे ट्रॅक्टरांची जागा असते. ऑरिन मान पुढे काढून बघत राहिले. तिथून काहीच आलं नाही, आणि मग शाळेचा बँड आला.

“टेसा कुठाय?” त्यांनी विचारलं. ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने बोलतात. “गवत पडलं नाही तिचं?”



“चार जुलै आला आणि हिचं गवत उभं! दोन-दोन तुकडे दिलेत कापायला. आणि भाडं बघ कसं देते, डबा दाराशी टाकून पळाली, दोन मिनिटं बसायची फुरसत नाही. मला वाटलं होतं पोरगी खमकी आहे. आळशी निघाली. बँडच्या मागे चालत येतेय का बघ, मारतो गोळी तिला.” त्यांनी खरंच खिशातून एक गोळी काढून हातात धरली.

सगळं गाव रस्त्याकडे बघत होतं. मी सात वर्षं जे गिळलं होतं ते त्या गोळीने बाहेर काढलं. टेसाला कोणी आळशी म्हणावं, तेही त्यांनी, हे मला सोसलं नाही.

“टेसा गेली, ऑरिन,” मी त्यांच्या कानाशी म्हटलं. “गाई विकून गेली. फिल नदीकाठ कापू देत नाही. टेकडीही देत नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात पडलं होतं तेवढंच. त्यानंतर पातं लागलेलं नाही.”

ते माझ्याकडे वळले. मोतीबिंदूचे डोळे, त्यांना मी कितपत दिसत होते कोण जाणे.

“तू सांगायचीस.”

“खोटं सांगायचे.”

“वायव्येच्या कोपऱ्यात चाक रुतलं म्हणालीस.”

“हो.”

“तिनेही सांगितलं.”

“मी सांगायला लावलं. तिला नको होतं.”

बँड अगदी समोर होता. ढोल पुढे जाऊ दिले. मग म्हणाले, “म्हणजे तिच्या पायाखालची जमीन मी काढली.”

“आपण दोघांनी.”

“जीभ तुझी. हात माझा.” ते आपल्या हाताकडे बघत होते, गोळी अजून मुठीत होती. “ती ओळ परत लिहिता येते का? ती आपण खोडली ती?”

“नाही. कागद कायमचा असतो.”

“हं.” मग त्यांनी हळूच विचारलं, “कुणाकुणाला माहीत होतं?”

 त्यांनी पोस्टातल्या बाईकडे पाहिलं. ती खाली बघत झेंड्याची काडी सरळ करत होती. मग पाद्र्याकडे. मग रस्त्यापलीकडे, दुकानाच्या पायऱ्यांवर बसलेल्या एकेका माणसाकडे. ज्यांच्या बापांचं गवत त्यांनी कधीकाळी पाऊस यायच्या आत कापून दिलं होतं, त्या माणसांकडे. कोणीतरी सवयीने त्यांना हात केला.

ऑरिननी हात केला नाही. वॉकर पुढे ओढला आणि उठायचा प्रयत्न केला. मी दंड धरायला गेले तर म्हणाले, “नको. तू तुझे फॉर्म भर.” मिरवणूक अजून चालू होती. बँड पुढे गेला होता. त्याच्यामागे, ज्याचं गवत उभं असतं तो जिथे चालतो त्या मोकळ्या जागेत ते वॉकर टेकत उतरले आणि सगळ्या गावासमोरून चालू लागले. कोणीही गोळी फेकली नाही.